खटल्याच्या निकालाआधी काय मागता येते: लैंगिक अत्याचारानंतरचे हक्क आणि दिवाणी उपाय

लैंगिक अत्याचाराची तक्रार म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस ठाणे, आरोपी आणि शिक्षा एवढेच येते. फौजदारी खटला महत्त्वाचा आहेच. परंतु तो राज्य शासन विरुद्ध आरोपी असा चालतो, त्यात पीडित स्त्रीचे स्थान मुख्यतः साक्षीदाराचे असते आणि निकाल लागेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. मोफत उपचार, नुकसानभरपाई, आरोपीपासून संरक्षण, नोकरीची सुरक्षितता आणि नावाची गुप्तता या गोष्टी मात्र त्या निकालावर टांगून ठेवलेल्या नाहीत. त्या आजच मागता येतात आणि त्यांपैकी काहींची मुदत फार थोडी असते. हे माहीत नसल्यामुळे अनेक कुटुंबे "आधी केस तर संपू दे" म्हणून थांबतात आणि हक्काच्या गोष्टी हातच्या घालवतात. म्हणून मुंबईत राहणाऱ्या, कोर्टकचेरीचा काहीही अनुभव नसलेल्या स्त्रीसाठी आणि तिच्यासोबत धावपळ करणाऱ्या बहिणीसाठी, आईसाठी किंवा मैत्रिणीसाठी ही माहिती क्रमाने देत आहे.

पहिली पायरी: रुग्णालय

पोलिसांकडे जायचे की नाही हे ठरले नसले, तरी रुग्णालयात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३९७ नुसार प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो, महापालिकेचे असो की खाजगी, बलात्कारपीडितेला प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार तत्काळ व विनामूल्य दिलेच पाहिजेत. ते नाकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम २०० खाली गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी एफआयआरची प्रत आणा, मग पाहू" असे कोणी म्हटले तर तशी अट कायद्यात कुठेही नाही, हे शांतपणे आणि ठामपणे सांगा. केईएम, नायर, सायन, कूपर, राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये आणि राज्य शासनाचे जे.जे. रुग्णालय यांना अशा प्रकरणांची सवय आहे.

वेळ येथे सर्वांत महत्त्वाची असते. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्याही जितक्या लवकर घेतल्या जातील तितक्या जास्त परिणामकारक ठरतात. शरीरावरील पुरावा साधारणपणे पहिल्या चार दिवसांतच मिळण्याची शक्यता असते. शक्य असेल तर आंघोळ करण्यापूर्वी जावे, घटनेच्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवून सोबत न्यावेत; प्लास्टिकच्या पिशवीत ओलसरपणा राहतो आणि नमुने खराब होतात. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले गेले असतील, आठवडा उलटला असेल, तरीही जावे, कारण जखमा, औषधोपचार आणि मानसिक स्थितीची नोंद या सगळ्यांचे महत्त्व त्यानंतरही राहते.

तपासणी तुमच्या संमतीनेच होते. केवळ उपचार घेऊन नमुने देण्यास नकार देता येतो, तपासणीचा एखादा भाग नाकारता येतो आणि असा नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. रुग्णालय पोलिसांना कळवते. परंतु प्रौढ स्त्रीला तक्रार द्यायची नसेल तर तिची ती भूमिका केस पेपरवर नोंदवून घ्यावी. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर मात्र पोक्सो कायद्यानुसार (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पूर्वी सर्रास होणारी "दोन बोटांची चाचणी" करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. कोणी ती करू लागले तर नकार द्या आणि त्याची नोंद मागा.

गर्भधारणा झाली असल्यास २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो आणि प्रौढ स्त्रीच्या बाबतीत केवळ तिचीच संमती लागते, पतीची किंवा वडिलांची नव्हे. त्यापुढे गेल्यास मुंबई उच्च न्यायालयात तातडीचा अर्ज करावा लागतो. तक्रार दिलेली असेल तर गर्भपातापूर्वी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवायला विसरू नका, कारण डीएनए तपासणीसाठीचा नमुना त्याच वेळी राखून ठेवावा लागतो. नंतर तो मिळवण्याचा मार्ग नाही.

समुपदेशनासाठी या शहरात एक चांगली सोय आहे. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केले आणि पुढे इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे उभी राहिली. रुग्णालयात पोहोचल्यावर "येथे दिलासा विभाग आहे का?" हा प्रश्न जरूर विचारा. सोबत कोणी नसेल तर तेथील समुपदेशक तपासणीच्या वेळी बरोबर राहू शकतात, आणि त्या वेळी एक समजूतदार माणूस शेजारी असणे किती मोलाचे असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी: गुन्हा नोंदवणे

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा १०३ हे क्रमांक आहेत. महिला हेल्पलाइन १८१ आणि बालकांसाठी १०९८. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे. ठाणे शहरात घडलेल्या घटनेची तक्रार दादरला देता येते, लोकलमधल्या घटनेसाठी "लोहमार्ग पोलिसांकडे जा" म्हणून परत पाठवता येत नाही. यालाच झिरो एफआयआर म्हणतात आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये त्याची तरतूद आहे. बलात्कार, विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग अशा गुन्ह्यांची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. तपासातला सविस्तर जबाब बलात्कारपीडितेच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, जवळच्या नातेवाइकाच्या अथवा सामाजिक कार्यकर्तीच्या उपस्थितीत घेतला जावा, असे कलम १७६ सांगते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ठाण्यातून बाहेर पडताना तुमच्या हातात जो कागद दिला जाईल तो तेथेच, उजेडात उभे राहून वाचा. त्यावर "अदखलपात्र" असे लिहिले असेल तर ती केवळ एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद आहे. तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. एफआयआरवर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि लावलेली कलमे असतात आणि तिची प्रत मोफत मिळते. बलात्कारासाठी कलम ६४, विनयभंगासाठी ७४, लैंगिक छळासाठी ७५, चोरून पाहणे किंवा चित्रीकरण यासाठी ७७, पाठलागासाठी ७८ ही न्याय संहितेतील कलमे आहेत. सही करण्यापूर्वी जबाब वाचून घ्या; मराठी वाचता येत नसेल तर समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. "मला नीट आठवत नाही" असे तुम्ही म्हटले असेल तर तसेच लिहिले गेले पाहिजे, कारण उलटतपासणीत प्रत्येक वाक्याचा कीस पाडला जातो आणि कोणीतरी सुचवलेला चुकीचा तपशील पुढे तुमच्याच अंगावर येतो.

तक्रार घेण्यास नकार मिळाल्यास लेखी अर्ज त्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तरीही काही झाले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकारी पोलिसांना तपासाचा आदेश देऊ शकतात. अशा गंभीर गुन्ह्याची खबर न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार सहा महिने ते दोन वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा आहे. या कलमाचा अर्जात नुसता उल्लेख केल्यानेही पुष्कळदा काम हलते.

तक्रारीला उशीर झाला म्हणून बलात्काराचा गुन्हा बाद होत नाही. त्याला मुदतीचे बंधन नाही. ज्या गुन्ह्यांची कमाल शिक्षा एक ते तीन वर्षे आहे, त्यांची न्यायालयीन दखल मात्र साधारणपणे तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणे पोलिसांचे कर्तव्य आहे. कळवले नाही तर लेखी विचारा.

नाव गुप्त ठेवण्याचा हक्क

पीडितेचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापणे वा प्रसारित करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. हे केवळ वर्तमानपत्रांना लागू नाही. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर नाव टाकणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते. बलात्काराचा खटला बंद दालनात चालतो आणि तुमच्या पूर्वायुष्यातील संबंधांबद्दलचे प्रश्न संमतीच्या मुद्द्यावर पुरावा म्हणून ग्राह्य धरले जात नाहीत. फोटो किंवा चित्रफीत पसरवली गेली असेल तर १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, संबंधित मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, आणि मजकूर हटवला जाण्यापूर्वी त्याचा दुवा व स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

तिसरी पायरी: शासनाकडून नुकसानभरपाई

सर्वांत जास्त दुर्लक्ष या पायरीकडे होते, म्हणून येथे थोडे थांबतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार प्रत्येक राज्याने पीडितांसाठी भरपाईची योजना ठेवली पाहिजे. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. तिची कमाल रक्कम पुढे दहा लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली आणि अंमलबजावणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवण्यात आली. देशपातळीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना आहे. तिच्यात बलात्कारासाठी चार ते सात लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख रुपये अशी मर्यादा आखून दिली आहे. कोणत्या योजनेचे नाव अर्जावर लिहावे या विचारात अडकून पडू नका. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या, त्यात कलम ३९६ चा उल्लेख करा आणि अंतरिम मदतीची मागणी वेगळ्या परिच्छेदात स्पष्ट लिहा.

या भरपाईचा आरोपीच्या शिक्षेशी संबंध नाही. आरोपी सापडलाच नसेल, त्याची ओळखही पटली नसेल, तरी अर्ज करता येतो. खटल्यात आरोपी सुटला तरी पीडितेचे पुनर्वसन आवश्यक वाटल्यास न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. अर्जासोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागदपत्रे, ओळखपत्र आणि पीडितेच्या स्वतःच्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत जोडावी. खाते तिच्याच नावाचे असावे हा आग्रह मी मुद्दाम धरतो. पैसा नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात गेला की तो तिच्या उपचारांसाठी आणि शिक्षणासाठी राहीलच याची खात्री देता येत नाही. रकमेचा मोठा भाग सहसा तिच्या नावे मुदत ठेवीत टाकला जातो आणि उरलेला लगेच वापरता येतो, हेही आधीच माहीत असावे.

पीडिता अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अर्थसाहाय्य वेगळे आहे. २०१६ च्या सुधारित नियमांत बलात्कारासाठी पाच लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी सव्वाआठ लाख रुपये नमूद आहेत. ही रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते आणि पहिला निम्मा हप्ता वैद्यकीय तपासणीच्या अहवालानंतरच देय होतो. यासाठी एफआयआरमध्ये त्या कायद्याची कलमे लागलेली असणे आवश्यक आहे.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा न्यायालयाच्या इमारतीतील विधी सेवा प्राधिकरणाच्या कक्षात जा. मुंबईत 'मजलिस' ही संस्थाही स्त्रियांसाठी कायदेविषयक काम करते.

अत्याचार कामाच्या ठिकाणी झाला असेल तर

पोलीस तक्रारीबरोबरच कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. एक केल्याने दुसरी बंद होत नाही. मुदत घटनेपासून, किंवा प्रकार वारंवार घडला असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिने आहे आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसांची आस्थापना असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते. शहर जिल्ह्यासाठी फोर्टमधील आणि उपनगरांसाठी वांद्रे पूर्व येथील जिल्हाधिकारी कार्यालयात तिची चौकशी करावी. धुणीभांडी, स्वयंपाक किंवा मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या घरकामगार स्त्रियांनाही हाच मार्ग खुला आहे.

तक्रार देतानाच लेखी अर्ज करून तुमची किंवा आरोपीची बदली, आणि तुमच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायची असते. याच कायद्याच्या कलम १५ खाली भरपाई ठरवताना मानसिक त्रास, हुकलेली नोकरी वा बढती, औषधपाण्याचा खर्च आणि आरोपीची आर्थिक स्थिती पाहिली जाते. त्यामुळे समुपदेशनाच्या पावत्या, नाकारलेल्या बढतीचे ईमेल, बिनपगारी रजेची नोंद हे सारे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. भरपाई त्याच्या पगारातून कापता येते आणि तरीही वसूल न झाल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. समेट तुम्ही मागितला तरच होऊ शकतो आणि पैसे देऊन समेट करण्यास या कायद्यात मनाई आहे.

अत्याचार करणारा पती किंवा घरातलाच असेल तर

अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजबरी आजही बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे. मला ही तरतूद अन्यायकारक वाटते. तरीही अशा स्त्रीला कायद्याचा आधारच नाही असे समजू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, तसेच एका घरात राहणारी बहीण, मुलगी, सूनही त्याखाली येते. तुम्ही तात्पुरत्या माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहत असाल, तर तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. संरक्षण आदेश, राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि कलम २२ खाली मानसिक क्लेशांची भरपाई या सर्व मागण्या एकाच अर्जात बसतात. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत मिळावी असे कायदा सांगतो, आणि धोका तातडीचा असेल तर समोरच्याला ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश होऊ शकतो. संरक्षण आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर त्यातही कलम २६ नुसार हे दिलासे मागता येतात.

चौथी पायरी: दिवाणी दावा

अत्याचार करणाऱ्याविरुद्ध, किंवा ज्याच्या हलगर्जीपणामुळे अत्याचार होऊ शकला त्या संस्थेविरुद्ध, नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येतो. आपल्याकडे असे दावे फारच थोडे लागतात आणि ते सोपे आहेत असे मी सांगणार नाही: वेळ लागतो, साक्ष द्यावी लागते आणि आरोपीकडे मालमत्ता नसेल तर हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) कागदावरच राहतो. परंतु आरोपी सधन असेल, किंवा वसतिगृह, शिकवणी वर्ग, रुग्णालय अथवा प्रवासी वाहतूक कंपनीने साधी खबरदारीही घेतली नसेल, तर या मार्गाचा गंभीरपणे विचार करावा. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. आरोपी मालमत्ता विकून मोकळा होईल अशी भीती असल्यास निकालापूर्वीच जप्तीचा अर्ज करता येतो आणि त्याने संपर्क करू नये यासाठी मनाई हुकूम मागता येतो. मुंबईत असे दावे साधारणतः नगर दिवाणी न्यायालयात दाखल होतात. महाराष्ट्रात हिंसाचारासंबंधीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातून सूट आहे, ती वकिलाकडून आवर्जून मागून घ्या. मुदतीचे बंधन येथे कडक असते, म्हणून पहिले वर्ष संपण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली असेल तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. आरोपी सरकारी कर्मचारी असेल आणि शासनाची जबाबदारी दाखवता येत असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करून भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चंद्रिमा दास प्रकरणात हा मार्ग मान्य केला आहे.

या काळात "काही रक्कम घ्या आणि तक्रार मागे घ्या" असा निरोप येण्याची शक्यता असते, आणि तो पुष्कळदा ओळखीच्याच माणसाकडून येतो. बलात्काराचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही आणि नोटरी केलेल्या समझोत्याने खटला संपत नाही. उलट तुम्ही सही केलेला तो कागद तुमची साक्ष खोटी ठरवण्यासाठी वापरला जातो. न्यायालयांनीही अशा प्रकरणांत तडजोड किंवा लग्न सुचवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले आहे. धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा आणि प्रत्येक फोनची तारीख व वेळ लिहून ठेवा.

खटला चालू असताना आणि निकालानंतर

खटला सरकारी वकील चालवत असले तरी त्यांना साहाय्य करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने तुम्ही आपला वकील नेमू शकता. जामिनाच्या सुनावणीसह प्रत्येक टप्प्यावर पीडितेला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. हा हक्क वापरायचा तर तारीख कळली पाहिजे. म्हणून तपास अधिकाऱ्याचा क्रमांक जवळ ठेवा आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या ऑनलाइन सेवेवर खटल्याचा क्रमांक टाकून पुढची तारीख स्वतः पाहत राहा. आरोपी निर्दोष सुटला, त्याला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरवले गेले किंवा न्यायालयाने दिलेली भरपाई अपुरी असली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ नुसार पीडितेला स्वतः अपील करता येते. फोर्ट किंवा दिंडोशी येथील सत्र न्यायालयाच्या निकालावरचे हे अपील मुंबई उच्च न्यायालयात होते. त्यासाठी निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्याच दिवशी करावा, आणि मोफत वकिलासाठी उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे तेव्हाच मागणी नोंदवावी.